त्र्याऐंशी पहिलटकरणी

१

नाथा भगतचं प्रेत बुधवारी सकाळी खारकोंडच्या बांधाला लागलेलं सापडलं आणि दुपार व्हायच्या आत तो चोरही ठरला. मेलेल्या माणसावर आळ घालणं सोपं असतं. तो उठून जाब विचारत नाही.

खारकोंड म्हणजे रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीकाठचं मिठागरांचं गाव. नाथा तिथलाच. रोह्यातल्या एका आरोग्य संशोधन केंद्रासाठी तो नऊ वर्षं घरोघर हिंडून माहिती गोळा करत होता. कोणाकडे पोर झालं, वजन किती भरलं, घरात पाणी कुठलं पितात, असली माहिती. मंगळवारी रात्री केंद्रातलं कपाट उघडं सापडलं, बाळंतपणांची मूळ रजिस्टरं गायब होती, आणि सकाळी नाथा मेलेला. पोलिसांनी दोनात दोन मिळवले. नाथानं रजिस्टरं चोरली, घरी पळताना खाडीत घसरला, आटोपलं.

पेणच्या विमलबाई ठाकूर हे मानायला तयार नव्हत्या. तेहेतीस वर्षं त्या जोहे-हमरापूर भागात सरकारी नर्स होत्या. नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांची जीभ काही अजून निवृत्त झालेली नव्हती. बातमी कळताच त्यांनी रोह्याची एसटी पकडली.

सरकारी दवाखान्याच्या पायरीवर नाथाची बायको हौसा बसली होती. ही जोह्याची लेक, विमलबाईंच्याच हातावर जन्मलेली. तिला पाचवा महिना चालू होता. विमलबाईंची नजर आधी तिच्या पायांकडे गेली. घोटे सुजले होते.

"नर्सबाय, ते म्हनतान नाथानी चोरी केली," हौसा म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "त्यानी कधी कोनाचा मिठाचा खडा नाय उचलला."

"मना ठाव हाय. तू हितंच बस, गो. मी बघते."

दारात हवालदार पोपट शिर्के उभा होता. त्याच्या दोन्ही मुलींची बाळंतपणं विमलबाईंनी केलेली, त्यामुळे तो अडवायचं नुसतं नाटक करून बाजूला झाला. आत विमलबाईंनी चादर उचलली आणि एखादं बाळ तपासावं तसं नाथाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. डोक्याला मार नव्हता. दारूचा वास नव्हता. पँटच्या चारही खिशांत काळा गाळ ठासून बसलेला होता. शर्टाच्या खिशात मात्र गाळाचा कणही नव्हता.

"पोपट, बांधावरून घसरलेला मानूस मोजून कमरेपर्यंत माखतो काय रे?"

पोपटनं खिशांकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"हा उभा होता," विमलबाई म्हणाल्या. "गाळात उभा रुतून होता. आणि पानी वर आलं."

२

त्या बाहेर येऊन हौसाजवळ बसल्या, पण डोक्यात दहा दिवसांपूर्वीचा रविवार घोळत होता. त्या रविवारी नाथा पेणला त्यांच्या घरी आला होता. हातात एक यादी होती. जोहे, हमरापूर, वडखळ भागातून खारकोंडला दिलेल्या मुलींची.

"नर्सबाई, ह्यांची पहिली बाळंतपनं तुमच्याकडे झाली. वजनं मिळतील?"

मिळणार नाहीत तर काय? विमलबाईंनी नोकरीतली प्रत्येक डायरी लोखंडी पेटीत जपून ठेवलेली. दोघं दुपारभर बसले. त्या डायरीतून वाचायच्या, तो लिहून घ्यायचा. दोन किलो आठशे. तीन किलो. दोन किलो नऊशे. सगळी टुकटुकीत पोरं.

मग नाथानं त्याच मुलींच्या दुसऱ्या पोरांची वजनं सांगितली. ही बाळंतपणं सासरी, खारकोंडला झालेली, त्यानं स्वतः तोललेली. दोन किलो. एक किलो नऊशे. एक किलो आठशे. शेवटचा आकडा सांगताना तो थांबला. एक किलो सहाशे. तो त्याचा स्वतःचा मुलगा होता, नवव्या दिवशी गेलेला.

विमलबाईंचा हात पानावरच राहिला. दुसरं पोर पहिल्यापेक्षा वजनाला थोडं जास्तच भरतं, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. इथं सगळं उलटं होतं.

"पहिल्या खेपेला पोर सातव्या महिन्यात माहेरी जाते," नाथा हळू आवाजात म्हणाला. "तिकडचं पानी पिते. दुसऱ्या खेपेला कोन धाडतो? नऊ महिने आमच्या बोअरचं खारं पानी. पाय सुजतात, डोकं दुखतं, पोर वाळतं."

त्याला घाई होती, कारण खारकोंडला येणारा गोड्या पाण्याचा टँकर एक तारखेपासून बंद होणार होता. केंद्राचे प्रमुख डॉक्टर अच्युत रेगे यांनी चार वर्षांपूर्वी एक शोधलेख छापला होता. खारकोंडच्या पाण्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही, असं त्यात सिद्ध केलेलं. जगभर त्या लेखाचा दाखला देत होते, मग जिल्ह्याचे साहेब तरी का नाही देणार? आणि हौसाला पाचवा लागला होता.

"कोनाला सांगितलंस?" विमलबाईंनी विचारलं होतं.

"अजून नाय. पन सांगनार. केंद्रात समजूतदार मानसं हायत."

त्या समजूतदार माणसांना आता विमलबाईंना भेटायचं होतं.

३

केंद्र म्हणजे एक भाड्याचा बंगला. डॉक्टर रेग्यांच्या खोलीत भिंतीवर चौकट होती, तिच्यात त्या शोधलेखाचं पहिलं पान, आणि खाली चिकटवलेला आकडा: ३४१.

"इतक्या संशोधकांनी आपल्या लेखांत आमच्या लेखाचा आधार घेतलाय," रेगे म्हणाले. मुंबईचे, साठीचे, आवाज भारदस्त. "ब्राझील, व्हिएतनाम, बांगलादेश. दर सोमवारी आकडा बदलतो. आता एक परदेशी विद्यापीठ आमच्याबरोबर काम करणार आहे. त्यांनी मूळ रजिस्टरं मागितली, आणि ती ह्या माणसानं पळवली."

"कशाला पळवली असतील?"

"ते त्यालाच माहीत. मी मंगळवारी मुंबईत होतो. साडेपाचला गाडीनं परत आलो. साडेसहाला परदेशी मंडळींबरोबर मीटिंग होती, नऊपर्यंत चालली. देशकर मॅडम आणि मी, दोघंही इथंच होतो."

"नाथा घरी जायला खाडीतल्या वाटेनं उतरला, असं पोलीस म्हणतात."

"खाडीत वाट?" रेग्यांनी चष्मा वर केला. "खाडीत कसली वाट?"

बाहेर महिपती मोकळ उभा होता. हा नाथाच्या वरचा सुपरवायझर, खारकोंडचाच, नाथाचा शेजारी. कपाटाची किल्ली रेगे, देशकर मॅडम आणि हा, अशा तिघांकडे असायची. तो कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

"मंगळवारी सकाळी अकराला नाथा पिशवी घेऊन गेला," तो पुटपुटला. "किल्ली मीच दिली. म्हणाला, आज सगळं सरळ होईल. मी विचारलं नाय. इचारायला हवं होतं, नर्सबाई."

तिसऱ्या होत्या डॉक्टर ऋजुता देशकर. नागपूरच्या, तिशीतल्या, शांत. गावात हिंडायचं काम नाथा-महिपतीचं आणि आकड्यांचं काम ह्यांचं. पाच वर्षांत त्या संगणकाच्या खोलीतून फारशा बाहेर पडल्या नव्हत्या. लेखावर रेग्यांच्या खालोखाल त्यांचं नाव होतं, आणि त्या लेखाच्या जोरावर पुढच्या महिन्यात त्या परदेशी नोकरीला निघाल्या होत्या. त्यांनी विमलबाईंना चहा दिला आणि डोळे पुसले.

"मीच त्याला शेवटचं पाहिलं, बाई. पोलिसांनाही सांगितलं. सहाला मी स्कूटरवर बांधापर्यंत गेले होते, जरा मोकळ्या हवेत. तो खाडीतल्या दगडांच्या वाटेनं पलीकडे चालला होता. हातात पिशवी होती. मी हाक मारली असती तर थांबला असता."

विमलबाईंना पोरगी आवडली. सगळ्या केंद्रात नाथासाठी डोळे पुसणारी ही एकटीच. लेखाची प्रत हवी म्हटल्यावर तिनं लगेच दिली, इंग्रजीतलं मराठीत समजावून सांगितलं. एकूण दोनशे चौदा जन्म. त्यांतल्या त्र्याऐंशी पहिलटकरणी. सगळ्या बाळांचं वजन गावातच, जन्मानंतर चोवीस तासांच्या आत.

विमलबाईंचा चहा कपातच राहिला.

"त्र्याऐंशी?" त्यांनी सावकाश विचारलं. "गावातच?"

"हो. का?"

"काही नाही," म्हणून विमलबाई उठल्या.

४

महिपतीला त्यांनी केंद्रामागच्या आंब्याखाली गाठलं.

"खारकोंडला किती सुना पहिल्या खेपेला सासरी बाळंत जाल्या, महिपती? तुझ्या हयातीत?"

"एक. तिला माहेर नव्हतं."

"आणि कागदावर त्र्याऐंशी."

"आम्ही खोटं नाय लिहिलं," महिपती एकदम बोलू लागला. "नाथा त्या रकान्यात 'मा' लिहायचा. माहेरी. पुढं वजनाची जागा मोकळी. रजिस्टर तसंच आत द्यायचो. साहेब ओरडायचे, एवढे रकाने रिकामे तर लेख कोण छापेल? मग एकदम ओरडायचे थांबले. छापून आल्यावर आम्हाला पेढे मिळाले. इंग्रजी कोन वाचतो?"

म्हणजे आतल्या आत कोणीतरी त्र्याऐंशी बाळं बसल्या जागी जन्माला घातली होती. चांगली गुटगुटीत, अडीच-तीन किलोची. त्यांच्या वजनाखाली खरी वाळलेली पोरं दडपून गेली होती. विमलबाईंना संताप आला.

"रेगे मंगळवारी साडेपाचला आले म्हणतात. खरं?"

"गाडी मी बघितली. पन सहाला खोलीत होते काय, ते नाय सांगू शकत."

"आणि ती खाडीतली वाट?"

"ती आमचीच, खारकोंडवाल्यांची. दगड टाकून केलेली. कुठल्या नकाशात नाय, रस्त्यावरून दिसत नाय. बांधावरून खाली उतरावं तेव्हाच समजते." महिपतीनं खाडीकडे हात केला. "वाटेच्या दोन्ही अंगांना गाळ हाय, नर्सबाई. मानूस गिळनारा."

५

खारकोंडच्या बांधावर ऊन उतरत होतं. मिठागरावर जनू नावाचा म्हातारा मीठ ओढत होता. प्रेत त्यालाच सापडलेलं. विमलबाईंना पाहून त्यानं हातातलं काम सोडलं नाही, पण आवाज खाली आणला.

"बाय, मी पोलिसांना एक सांगितलं नाय. तिवरांच्या झाडांत पिशवी अडकली होती. नाथाची. दिली असती तर म्हनले असते, बघा, चोरीचा माल."

पिशवी त्यानं खोपीत वाळत घातली होती. आत फुगून जाड झालेली रजिस्टरं. विमलबाईंनी पान सोडवलं. शाई असती तर एव्हाना निळं पाणी झालं असतं, पण खाडीच्या दमट हवेत शाई फुटते म्हणून नाथा पेन्सिलीनं लिहायचा. अक्षर न् अक्षर जागेवर होतं. मा. मा. मा. आणि पुढे मोकळी जागा.

"मंगळवारी कुठली तिथ होती, जनूदादा?"

"अष्टमी."

"मग सांजेला सहाला ह्या वाटेवर पानी किती?"

जनूनं मान वर केली. असा प्रश्न खाडीकाठचं शेंबडं पोरही विचारत नाही. "अष्टमीला सांजेला भरती. भांगाची, म्हंजे उधानासारखी नाय, पन गळ्याला लागतं. तेव्हा कोन उतरतो? दुपारी बाराला कोरडी असते वाट."

"आणि दुपारी तुम्ही सगळे कुठं होता?"

"पलीकडच्या खोपीत, जेवायला." म्हातारा थांबला. "बाय, एकदा साद आल्यासारखी वाटली होती. आम्ही म्हटलं, कोन बगळे हाकलतंय. परत आली नाय."

विमलबाई बांधावर बसल्या. त्यांना ती साद ऐकू येत असल्यासारखं झालं. समोर वाटेचे दगड एकेक करून पाण्याखाली जात होते. सहाला नाथाला चालताना पाहिलं म्हणणारीनं सहाची खाडी पाहिलेलीच नव्हती.

त्या झटकन उठल्या आणि पोपटला फोन लावला.

६

दुसऱ्या दिवशी रेग्यांच्या खोलीत सगळे जमले. पोपट दाराशी उभा राहिला. विमलबाईंनी भिजून वाळलेलं रजिस्टर टेबलावर ठेवलं, तेव्हा ऋजुतांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"नाथा सहाला वाटेनं चालला नव्हता," विमलबाई म्हणाल्या. "अष्टमीला सहाला ती वाट गळाभर पाण्यात असते. म्हणजे ते सांगणारं माणूस खोटं बोललं. पण खोटंसुद्धा माणूस आपल्या माहितीतूनच बोलतं. डॉक्टरसाहेबांना अशी वाट आहे हेच ठाऊक नाही, काल त्यांनीच मला विचारलं, खाडीत कसली वाट. ते तिच्यावर कोणाला चालवणार? महिपती खाडीकाठचा. त्याला वाट ठाऊक आणि भरतीही. खोटं बोलायचं असतं तर त्यानं बाराची वेळ सांगितली असती. उरलं कोण? ज्याला वाट ठाऊक आहे, पण ती बुडते हे ठाऊक नाही, असं माणूस. त्या वाटेवर ते एकदाच गेलंय. ओहोटीला. आणि मंगळवारची ओहोटी दुपारी बाराची."

रेगे ऋजुतांकडे पाहत होते.

"सहाला तो जिवंत दिसायला हवा होता, कारण साडेसहापासून तू ह्या खोलीत होतीस," विमलबाई म्हणाल्या. 'मॅडम' केव्हाच गळून पडलं होतं. "दुपारी कुठं होतीस, पोरी?"

ऋजुतांनी खिडकीवरून नजर काढली. मग बोलल्या त्या अगदी साध्या आवाजात.

"त्यानं आधी मलाच सांगितलं. म्हणाला, मॅडम, कुठंतरी चूक झालीय, तुम्ही दुरुस्त कराल. गावातल्या बायकांना भेटवतो म्हणाला, जवळच्या वाटेनं नेलं. मी पिशवी मागितली. तो देईना. मी ओढली आणि दूर फेकली. तो तिच्यामागे उतरला." त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले. "मी ढकललं नाही त्याला. कमरेपर्यंत गेला. पिशवी हातात होती, ती डोक्यावर धरून उभा. म्हणाला, मॅडम, मिठागरावरून फळी आणा."

"आणि?"

"मी आणते म्हटलं. आणि स्कूटरपर्यंत गेले." त्यांनी पुन्हा रजिस्टराकडे पाहिलं. "मला वाटलं, निघेल तो. चिखलच तर होता. पाणी येतं हे मला माहीत नव्हतं."

महिपतीनं तोंड भिंतीकडे केलं. खाडीकाठच्या पोराला गाळातून निघायचं कसं हे शिकवावं लागत नाही: आडवं व्हायचं, हात पसरायचे, सरपटायचं. नाथालाही ते येत होतं. त्यासाठी पिशवी सोडावी लागली असती, आणि फळी येणार म्हणून तो उभा राहिला.

"ते त्र्याऐंशी आकडे," रेगे म्हणाले. "तू भरलेस?"

"तुम्ही म्हणालात रकाने रिकामे नकोत. भरल्यावर कुठून आले ते विचारलं नाहीत, सर. एकदाही."

रेग्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. तीनशे एक्केचाळीस जण त्या आकड्यांना खरं मानत होते. त्यांतला एकही खारकोंडला गेला नव्हता, आणि रेगे स्वतःही गेले नव्हते.

"एक तारखेला चार दिवस आहेत," विमलबाई म्हणाल्या. "लेख मागे घेतो असं पत्र लिहा. आत्ता, माझ्यासमोर. एक लेख छापणाऱ्या मासिकाला, एक कलेक्टरसाहेबांना."

रेग्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पत्र पुरं व्हायला दोन तास लागले, आणि विमलबाई तेवढा वेळ खुर्ची सोडून हलल्या नाहीत.

७

ऋजुतांचा जबाब पोपटनं लिहून घेतला आणि नाथावरचा चोरीचा आळ पुसला गेला. टँकर बंद झाला नाही. लेखावर मासिकानं 'मागे घेतला' असा शिक्का मारला. तरी दाखल्यांचा आकडा वाढतच राहिला. महिपती अधूनमधून फोन करून सांगायचा. तीनशे बावन्न. तीनशे साठ. शिक्का न बघता दाखला देणारे जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातल्या कोणाच्या गावी कुठला टँकर बंद झाला असेल ह्या विचारानं विमलबाईंना झोप लागत नसे.

हौसाला त्यांनी त्याच आठवड्यात जोह्याला नेलं. सासू बायजाबाई म्हणाली, तिसऱ्या खेपेला माहेर, लोक काय म्हणतील? विमलबाईंनी तिला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

ज्येष्ठात हौसा बाळंत झाली. मुलगा. विमलबाईंनी त्याला पुसला, झोळीत घातला आणि काट्याला टांगला. खोलीत हौसाची आई होती, दोन शेजारणी होत्या. सगळ्या विमलबाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या. पाच महिने ही पोर तेच पाणी प्यालेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

काटा स्थिर झाला. एक चांगला आकडा विमलबाईंच्या जिभेवर येऊन थांबला होता. बाळंतिणीला जरा उभारी आली असती.

"बाय," हौसा म्हणाली, "खरा सांग."

"दोन किलो दोनशे. कमी हाय, गो. पन रडतोय जोरात."

हौसानं डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. मग तिनं हात पुढे केला, पोरासाठी.

"तेवढाच लिव," ती म्हणाली. "नाथा त्याच्या वहीत जसा लिवायचा, तसा."

विमलबाईंनी पेन्सिल घेतली आणि तेवढंच लिहिलं.